बाजूच्या सीटवर बसणारे इंगोले सर

विंग कमांडर दिगंबरराव इंगोले यांची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा मी शिमल्याच्या वाटेवर परवाणूच्या घाटात रस्त्याकडेच्या दगडावर बसून ओकत होते. गौरवग्रंथातल्या लेखाची ही सुरुवात संपादकांना रुचणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी कोल्हापूरची. झालं ते झालं, त्याला जरीचा काठ लावून सांगणं मला जमत नाही. शिवाय सरांच्या पंचाहत्तरीला मी खोटं लिहिलं, तर पहिला फोन त्यांचाच येईल.

पंजाबातली ती दहशतीची वर्षं होती. माझे यजमान चंडीगडला इस्पितळात डॉक्टर, आणि मी घरात बसून भिंती मोजत होते. शहराबाहेर सरदार जगतारसिंगांचा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. विलायतेत शिकताना त्यांनी दोन माणसांच्या, बिनछपराच्या, जमिनीला चिकटून पळणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. तशी गाडी आपण बनवायची, हे त्यांच्या मनाने घेतलं. तिचं नावही ठरलं, 'बाज', म्हणजे ससाणा. ती बनवण्यासाठी हवाई दलातली नोकरी मुदतीआधी सोडून इंगोले सर आले आणि विकण्यासाठी मी. नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी जगतारसिंग म्हणाले, "मॅडम जी, पहले बैठो, फिर बेचो." म्हणून सरांच्या शेजारी बसले, आणि घाटातल्या वळणांनी मला दगडावर नेऊन बसवलं.

दुसऱ्या कुणीही अशा वेळी पाणी पुढे केलं असतं. सरांनीही केलं, नाही असं नाही. पण आधी खिशातून खडू काढला, खाली वाकले आणि मोठ्या उत्सुकतेने विचारलं, "बाप्पा, तुमाले गाडी लागली नं? कोणत्या वळणावर लागली, सांगता का?" सर मूळचे वाशीमकडचे. एरवी अगदी शुद्ध बोलतात, पण मनापासून काही विचारायचं असलं की वऱ्हाडी आपसूक बाहेर येते. मी चिडून हात दाखवला, तिकडे ते चालत गेले आणि रस्त्यावर फुली मारून आले. या माणसाची गाडी माझ्याच्याने जन्मात विकली जाणार नाही, असं मी त्या दिवशी घरी जाऊन यजमानांना सांगितलं.

विकणं खरंच अवघड होतं. अंधार पडायच्या आत लोक दारं लावून घेत. वरातीसुद्धा दुपारच्या उन्हात निघायला लागल्या होत्या. रस्तोरस्ती पोलिसांचे नाके, वाळूच्या पोत्यांमागे बंदुका. माणसं खिडक्या बंद करून बसली होती आणि आम्ही छप्पर नसलेली गाडी विकायला निघालो होतो. जगतारसिंगांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे बेबे म्हणत असू, त्या मुलाला रोज ऐकवत, "ही गाडी आहे की परात?"

जगतारसिंगांकडे परदेशी कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं होती. ती टेबलावर पसरून आमचे वाद चालत. त्या कंपन्यांचं गणित मला लगेच पटलं होतं. एक गाडी वेड्यांसाठी बनवायची, कडक आणि अवखळ. तिच्यामुळे नाव होतं. मग तेच नाव लावून दुसरी गाडी बनवायची, मऊ गादीची, मागे पोरं बसतील अशी. तिच्यावर घर चालतं. पहिली नसली तर नावाला किंमत नाही, दुसरी नसली तर चूल पेटत नाही. मी म्हटलं, "सर, आमच्याकडे तांबडा रस्सा वेगळा, पांढरा वेगळा. ज्याला जो झेपेल तो त्याने घ्यावा." सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण त्यांच्याकडे चुली दोन आहेत जी, आपल्याकडे एकच हाय."

आणि मग त्यांनी त्यांचं म्हणणं मांडलं. गाडीचा शौकीन आणि साधा माणूस ही दोन वेगळी गिऱ्हाइकं आहेत, हे त्यांना मान्यच नव्हतं. प्रत्येक साध्या माणसात एक शौकीन असतो, तो फक्त घाबरलेला असतो, कारण शेजारी बायको बसलेली असते, आई बसलेली असते. "ठेच्यातली मिरची कमी नाही करायची. भाकर मोठी करायची." मला तेव्हा हे सगळं बोलायला छान वाटलं. विकायला गेल्यावर कळेल, असं मी मनात म्हणाले.

पण ते नुसतं बोलून थांबणारे गृहस्थ नव्हेत. कापडी छप्पर बसवायचं ठरलं, तेव्हा पगडीचा प्रश्न आला. पगडी छपराला टेकली तर पंजाबात गाडी घेणार कोण? सगळे म्हणाले, छप्पर उंच करा. सर म्हणाले, उंच गाडी वळणावर कलते. त्यांनी कारखान्यातल्या सरदारांना एकेक करून गाडीत बसवलं, आणि छपराला हात न लावता सीट खाली नेली. गाडी अधिक चांगली पळायला लागली आणि पगडीचा प्रश्नही सुटला. मग बेबेंना इतक्या खाली बसता येईना. तेव्हा दाराचा उंबरठा कापून त्यांना धरायला कडी बसवली. हे सगळं चालू असताना सरांच्या कपाळावर एक आठी मी पाहिली नाही. माझ्या कपाळावर पुष्कळ होत्या.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती ऐकून सर आजही हसतात, म्हणून सांगायला हरकत नाही. आमचा चाचणीचा ड्रायव्हर होता बलकारसिंग. रोपडकडचा पंचविशीतला जाट, हात असे हलके की स्टिअरिंगला कळू नये. तो एखाद्या फिटरला शेजारी बसवून रोज घाटात फेरी मारून यायचा. तो फाटकातून आला की सर विचारत, "बलकार, गाड़ी लगी?" तो म्हणे, "लग गई जी." सरांचा चेहरा उतरे, आणि दुसऱ्या दिवशी स्प्रिंगा थोड्या मऊ होत. पुन्हा फेरी, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा "लग गई जी". असं कित्येक आठवडे चाललं. होता होता गाडीची पार दुलई झाली. हायकोर्टातले ढिल्लों नावाचे एक तरुण वकील होते, वेगाचे पक्के वेडे, आमचे पहिले गिऱ्हाईक व्हायचे होते. ते एक चक्कर मारून आले आणि मला म्हणाले, "यार मॅडम, इस पर तो नींद आती है." बलकार तर सुतकात असल्यासारखा फिरत होता.

एके दिवशी मी नेमकी फाटकाशी उभी होते. सरांनी विचारलं, बलकारने उत्तर दिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हिंदीत गाडी लागली म्हणजे जागेवर आणून उभी केली. बलकार बिचारा रोज सांगत होता, आणून लावली साहेब. आणि सर ऐकत होते की शेजारच्या फिटरला आजही मळमळलं. सर आयुष्यभर हवाई दलात हिंदी आणि इंग्रजी बोललेले, पण पोटातलं दुखणं माणूस आपल्या आईच्याच भाषेत विचारतो. मी सांगितलं तेव्हा बलकार म्हणाला, "ओ जी, उसे तो जी कच्चा होना कहते हैं. वो तो किसी का नहीं हुआ."

 सरांनी लगेच सगळ्या कामगारांना बोलावलं, आणि मोडक्यातोडक्या पंजाबीत सांगितलं की तुमची इतक्या दिवसांची मेहनत माझ्या कानाने वाया घालवली, चूक माझी, बलकारची नाही. हसू फुटलं ते नंतर. कारखान्यात साहेबाची चूक खालच्या माणसाच्या नावावर जाते, हे मी पुढेही अनेक ठिकाणी पाहिलं. म्हणून तो दिवस लक्षात राहिला.

जगतारसिंगांना मात्र हसू आलं नाही. त्यांच्या भावांनी आधीच धोशा लावला होता की हा खेळ बंद करा आणि ट्रॉल्या बनवा. त्यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं. बैसाखीला एकच गाडी, एकाच दिवशी, काहीही न बदलता ढिल्लोंनी चालवायची आणि बेबेंनी तिच्यात बसून घाटात जाऊन यायचं. दोघंही हो म्हणाले तर 'बाज' बनेल. एकानेही नाक मुरडलं तर साचे फोडायचे. सरांनी या गाडीसाठी हवाई दल सोडलं होतं. परत जायला जागा नव्हती. सरांच्या पत्नी विमलवहिनी मला म्हणाल्या होत्या, "यांचं रिटायरमेंट त्या साच्यातच ओतलेलं आहे, पाहा."

त्याच सुमारास एक प्रकार घडला. बलकार गाडी घेऊन एकटाच पिंजोरच्या बाजूला गेला होता. तरुण शीख, नंबरप्लेट नसलेली अनोळखी गाडी, आणि वेग. नाक्यावर त्याला अडवलं आणि संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. सर स्वतः जाऊन त्याला सोडवून घेऊन आले. बलकारची आई दिवसभर फाटकाशी बसून होती. त्या दिवसांत घरी न परतलेल्या तरण्या मुलांच्या बातम्या कानावर येत, कधी या बाजूच्या गोळीने, कधी त्या. त्या माउलीकडे मला बघवेना.

दुसऱ्या दिवसापासून सर बलकारच्या शेजारी बसून घाटात जायला लागले. रोज. कारण विचारलं तर म्हणाले, "आता कोणाला विचारणं नाही बाप्पा. पोट आपलं, रिपोर्ट आपला." आम्हा सगळ्यांना ते पटलं. फक्त बलकारला पटलं नाही. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मॅडम जी, साहब को मेरे हाथ पर भरोसा नहीं रहा. मेरी ड्राइविंग देखने बैठते हैं." पोराचे डोळे भरले होते. हातावरच तर त्याचा सगळा मान होता.

मी तडक विमलवहिनींकडे गेले. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं ते ऐकून मी चाटच पडले. सरांना लहानपणापासून गाडी लागते. वाशीम ते अकोला एसटीत ते कधी सुके उतरले नाहीत. स्वतः चालवत असले तर काही होत नाही, पण शेजारी बसले की संपलं. "रोज घरी येतात ते पिवळे पडून. आलं-लिंबू चघळत पडून राहतात. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बसवा. तर म्हणतात, माझं हवाई दलाचं कार्ड नाक्यावर चालतं, दुसऱ्याचं नाही चालत." मग बलकारला हे सांगून का टाकत नाहीत, मी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "मीही तेच विचारलं. तर म्हणाले, त्या पोराला रस्त्यावर फिरायला राखणदार लागतो, हे त्याला माझ्या तोंडून ऐकवू? त्यापेक्षा मले संशयी समजला तरी चालते." आणि माझ्याकडून वचन घेतलं की हे मी कुठे बोलणार नाही.

मी बोलले नाही. मला किती जड गेलं ते माझं मला माहीत, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

सरांचा मोठेपणा असा की त्या मळमळीचंही त्यांनी सोनं केलं. घाटात रोज पोट ढवळून घेऊन त्यांना उमगलं की माणसाला कडक गाडी लागत नाही, डोलणारी लागते. स्प्रिंगा मऊ केल्या की गाडी वळणावर कलते, मग सावरते, मग पुन्हा कलते, आणि पोट तिच्या मागे एक पाऊल राहतं. म्हणजे इतके आठवडे आम्ही मऊपणाच्या नादात गाडी उलट बिघडवत होतो. त्यांनी स्प्रिंगा कडक केल्या आणि डोलणं जागच्या जागी थांबवलं. वळणावर गाडी एकदाच झुकायची आणि तशीच राहायची. चालवणाऱ्याला हवा होता तो धारदारपणा आला, आणि बसणाऱ्याच्या पोटाला हवी होती ती शांतताही आली. दोघांचं औषध एकच होतं. मी त्यांना म्हटलं, "सर, म्हणजे दोन रश्शांची गरजच नव्हती." ते म्हणाले, "तसं नाही, तुमचा पांढरा रस्सा चांगला राहते. एकदा करून खिलवा."

इथे एक आठवण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकदा शहरात संचारबंदी लागली, यजमान इस्पितळात अडकले, जखमी येतच होते. मी आणि माझी लेक घरात दोघीच. दुपारी दार वाजलं, मी भीत भीत उघडलं तर सर उभे, हातात दुधाच्या पिशव्या आणि ब्रेड. लेक माझी हिंदीतच बोलायची. तिला जवळ घेऊन त्यांनी तासभर वऱ्हाडी शिकवली. ती आता परदेशात असते, मराठी तिला फारशी येत नाही, पण 'का हो' या अर्थी "काहून जी?" मात्र ती अस्सल वाशीमच्या ढंगात म्हणते. त्या दिवशी सर रस्त्यावरून कसे आले, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

बैसाखी उजाडली. सकाळी ढिल्लों गाडी घेऊन गेले आणि आले ते दार न उघडता उडी मारूनच उतरले. "पक्का. ये मेरी." एवढंच बोलले. अर्धं काम झालं होतं. दुपारी बेबे निघाल्या, पांढरी चुन्नी डोक्याला घट्ट बांधून, तोंडाने पुटपुटत. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, सरांच्या आधीच आलं असणार, की गाडीला सीटं दोनच. बेबे बसल्या की सरांना जागा नाही. सणाचा दिवस, नाक्यांवर जादा बंदोबस्त. सर बलकारला म्हणाले, "आराम से जाना. गाडी की फिकर मत करना." बलकार त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "आज तो मैं दिखा दूँगा, साहब."

परतायची वेळ झाली, टळली. जगतारसिंग येरझारा घालत होते. कामगार फाटकाशी जमले. आज गाडीचा निकाल लागायचा होता, पण निकालाचं नाव कुणी काढत नव्हतं. सर उन्हात उभे होते. मी खुर्ची दिली, ती तशीच राहिली.  मला एकदम जाणवलं की हा माणूस आपल्या गाडीचा विचारच करत नाहीये. साचे फोडा असं कुणी म्हणालं असतं तर त्यांनी त्या घडीला हातोडा आणून दिला असता, फक्त तो पोरगा फाटकातून आत यायला हवा होता.

आणि मग आवाज आला. गाडी आली, धुळीने माखलेली. बेबे कडीला धरून स्वतः उठल्या आणि मुलावर बरसल्या. सांगितलेल्या जागेवरून परत फिरायचं त्यांनीच नाकारलं होतं. पुढे धरमपूरपर्यंत गाडी न्यायला लावली, तिथे चहा घेतला, आणि घाट उतरताना बलकारला म्हणाल्या, "होर तेज चला पुत्तर, सुत्ता पया एं?" आणखी जोरात चालव, झोपलास की काय, असं सत्तरीच्या बाईने ड्रायव्हरला विचारलं. "गाडी माझी," त्या म्हणाल्या, "तू तुझी दुसरी बनव." जगतारसिंग हसायला लागले, कामगारांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. 'बाज' वाचली होती.

बलकार मात्र स्टिअरिंगवरच बसून होता. बेबेंनीच मग सांगितलं. नाक्यावर हवालदाराने गाडी ओळखली आणि बलकारला विचारलं, "आज तेरे मराठे साब नहीं आए?" बलकार म्हणाला, त्यांचं काय काम, ते माझं ड्रायव्हिंग तपासायला येतात. हवालदार हसला. म्हणाला, "ओ भोले, पहले दिन ही कह गए थे, ये लड़का मेरा है. इसको जब भी रोकोगे, मुझे भी साथ बिठाओगे." आणि नाक्याचा आडवा दांडा वर केला.

बलकार उतरला. भर कारखान्यात सरांच्या पायांवर त्याने डोकं ठेवलं, पगडीसकट, आणि उठेना. सर वाकले, त्याला उचलायचा प्रयत्न करू लागले, आणि त्यांनाच रडू आलं. मी पुरुषांना रडताना फार पाहिलेलं नाही. त्या दिवशी दोघांना पाहिलं आणि मीही रडले, कशाला लपवू.

'बाज' पुढे काही वर्षं बनली. मी ती विकली, आणि अभिमानाने विकली. नंतर बाहेरच्या बड्या कंपन्यांच्या गाड्या देशात आल्या आणि आमची चूल मानाने विझली. आज त्या कंपन्यांच्या विक्रीची तरुण मुलं मला भेटतात, शौक आणि खप यांचा मेळ कसा घालायचा यावर मोठमोठी चित्रं दाखवतात. मी त्यांना एवढंच विचारते की तुमच्यापैकी शेजारच्या सीटवर कोण बसतो. बहुतेकांना प्रश्न कळत नाही.

बलकारसिंग आता मुल्लानपूरला गाडी शिकवण्याचा वर्ग चालवतात, नातवंडांचे आजोबा आहेत. या ग्रंथासाठी दोन ओळी द्या म्हणून मी गेले तर म्हणाले, मला लिहिता येत नाही, तुम्हीच लिहा. मी म्हटलं, शुभेच्छा तरी सांगा. सर आपल्या सगळ्यांत निरोगी राहोत, वहिनींच्या हातचं अजून पुष्कळ वर्षं खावोत, शंभरी पाहोत, असं मी लिहिणारच होते. माझं आणि तुम्हा सर्वांचं तेच मागणं आहे.  बलकारजी दोन्ही हात जोडून म्हणाले, "लिख दो जी, मेरी उमर वी साहब नूं लग जावे."